रत्नागिरी जिल्ह्याची पार्श्वभूमी : आधी खाडी, मग घाट, शेवटी महामार्ग

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला एक आला, हर्णैचा सुवर्णदुर्ग. त्याआधी २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर खोदलेली प्राचीन चित्रं, संभाव्य यादीत गेली होती आणि त्या नऊ ठिकाणांपैकी सात याच जिल्ह्यातली आहेत. बातम्या झाल्या, फोटो फिरले. पण मुंबई-गोवा महामार्गाने जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, तर यांतलं जवळजवळ काहीच वाटेत लागत नाही. दाभोळ लागत नाही, जयगड लागत नाही, जैतापूरही नाही. एके काळी परदेशी गलबतं ज्या बंदरांची नावं विचारत यायची, ती सगळी आज ‘फाट्यावरून आत’ गेली आहेत.

याचं कारण असं की महामार्ग उत्तर-दक्षिण धावतो आणि या जिल्ह्याचा इतिहास पूर्व-पश्चिम घडला.

जिल्हा दक्षिणोत्तर लांबच लांब, साधारण १८० किलोमीटर. रुंदी त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला १६७ किलोमीटरचा किनारा. एवढ्या अरुंद पट्टीत नद्यांना पसरायला जागाच नाही. डोंगरावरून कोसळायचं, चार वळणं घ्यायची की लगेच खारं पाणी समोर. उत्तरेकडून मोजत आलं तर सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी, अर्जुनेची जैतापूर खाडी आणि थेट दक्षिणेच्या हद्दीवर वाघोटनची विजयदुर्ग खाडी. भरतीचं पाणी या खाड्यांतून कित्येक मैल आत चढतं. वाशिष्ठीत ते पार चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत येतं.

घाटवाटा बैलांच्या आणि बंदरं शिडांच्या होत्या, तेव्हा प्रत्येक खाडीचा मामला सारखाच असे. मुखाशी किल्ला, भरती जिथे दमते तिथे बाजारपेठ, आणि पेठेच्या पाठीशी देशावर चढणारा घाट. अंजनवेलचा गोपाळगड, मग चिपळूण, मग कुंभार्ली घाट आणि वर कऱ्हाड. जयगड, संगमेश्वर, आंबा घाट आणि कोल्हापूर. नाट्याचा यशवंतगड, राजापूर आणि अणस्कुऱ्याचा घाट. विजयदुर्ग, खारेपाटण आणि वर बावड्याकडे. बाणकोटच्या खाडीला महाड, ते आता रायगड जिल्ह्यात गेलं, खारेपाटण सिंधुदुर्गात. जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या, खाडीचं गणित तेच राहिलं. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे. धान्य, गूळ, तंबाखू खाली यायचे. लमाणांचे तांडे घाट चढत-उतरत आणि जकातीवर ज्याचा हात, त्याचं राज्य.

हे किती जुनं? खारेपाटणला सापडलेला शिलाहार घराण्यातल्या रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. त्याहून मागे जायचं तर दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला जावं. कोटजाई नदीच्या काठाने खडकात खोदलेली एकोणतीस लेणी आहेत. आधी बौद्धांची, मग शैवांची, गाणपत्यांची, पुढे नाथपंथीयांची. एकाच डोंगरकुशीत हजार वर्षं माणसं आपापले देव बदलत राहिली, पण जागा कुणी सोडली नाही. कोटजाई खाली दाभोळच्या खाडीला मिळते हे लक्षात घेतलं की जागेचा मोह कळतो. इथेही ११३९ सालचा शिलाहार ताम्रपट मिळाला आणि त्याच्या मागोव्याने १९७० च्या दशकात पुरातत्त्ववेत्ते म. न. देशपांडे यांनी लेण्यांचा अभ्यास केला. वेरूळ-अजिंठ्याचा भव्यपणा इथे नाही, त्यामुळे गर्दीही नाही. माझ्या मते जिल्ह्यातलं सर्वांत दुर्लक्षित स्थळ हेच.

दाभोळची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. बहमनी काळात हे पश्चिम किनाऱ्यावरच्या बड्या बंदरांपैकी एक. दख्खनच्या सुलतानांना फौजेसाठी घोडे लागत, ते समुद्रापलीकडून येत आणि दाभोळला उतरत. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४७० च्या दशकात परतीच्या प्रवासाला इथूनच निघाला आणि त्याने बंदराची नोंद करून ठेवली आहे. पुढे पोर्तुगीज आले. त्यांचा व्हाइसरॉय आल्मेइदा याने १५०८ च्या अखेरीस दाभोळ जाळलं. गाव पुन्हा उभं राहिलं. आदिलशाहीत मक्केला जाणारे यात्रेकरू इथून जहाजात बसत. आज बंदराजवळ जी मशीद दिसते ती त्या काळातली, १६५९-६० च्या सुमाराची. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी मक्केला निघाली, वाट सुकर नाही म्हणून दाभोळलाच अडकली आणि यात्रेचा पैसा मशिदीला लावला, अशी आख्यायिका आहे. खरंखोटं बाजूला ठेवलं तरी इमारत विजापुरी घाटाची आहे याबद्दल वाद नको : काळा घडीव दगड, वर एक मोठा घुमट, कोपऱ्यांना मिनार. आजूबाजूला माडाची झाडं आणि कौलारू घरं, आणि मध्येच ही राजधानीतली वाटावी अशी वास्तू. गावकरी तिला अंडा मशीद म्हणतात. गंमत म्हणजे गेल्या पिढीला दाभोळ हे नाव मशिदीमुळे किंवा घोड्यांमुळे ठाऊक नाही, एन्रॉन कंपनीच्या वीजप्रकल्पामुळे ठाऊक आहे. तो वीजप्रकल्प उभा राहिला खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या बाजूला.

राजापूरचं महत्त्व इंग्रजांनी ओळखलं. १६४९ मध्ये त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार तिथे आली. मिरी, वेलदोडा, कापड घाटावरून खाली येई आणि अर्जुनेच्या खाडीतून जैतापूरमार्गे समुद्रात जाई. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात असताना राजापूरचा वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन वेढ्यात गेला, आणि वर कंपनीचं निशाण फडकवून गडावर मारा केला. महाराज सुटले, पण विसरले नाहीत. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. व्यापाऱ्याने व्यापार करावा, हा धडा कंपनीला भारतात फार लवकर मिळाला. तो तिच्या पचनी पडला नाही ही गोष्ट वेगळी. राजापूरचा घात मात्र तोफांनी केला नाही, गाळाने केला. मोठी जहाजं आधी जैतापूरलाच थांबू लागली, मग तिथेही कमी झाली. आता राजापूर म्हटलं की लोकांना आठवते जवळच्या उन्हाळे गावची गंगा. ती मनाला येईल तेव्हा प्रकटते आणि चौदा कुंडं भरून वाहते.

संगमेश्वरबद्दल फार लिहायला नको. संभाजी महाराजांना फेब्रुवारी १६८९ मध्ये तिथे पकडलं गेलं, हे प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. पण कसब्याचं कर्णेश्वराचं मंदिर त्याच्या कितीतरी आधीचं आहे. छतातलं आणि खांबांवरचं कोरीव काम बघायला तरी थांबावं.

आता सुवर्णदुर्ग. हर्णैच्या बंदरातून होडी मिळते. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन सोबती, आणि समोर पाण्यात हा. महादरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय आणि तटावर मारुती. कान्होजी आंग्र्यांचा उदय याच किल्ल्यावरून झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे याचा ताबा होता आणि पुढची पन्नासएक वर्षं या किनाऱ्यावर परक्या जहाजांना आंग्र्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. शेवट घरच्याच भांडणाने झाला. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं फाटलं, पेशव्यांनी इंग्रजांना हाक दिली आणि १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी विजयदुर्गापाशी आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच बुडवायला लावलं, हे कितीही वेळा वाचलं तरी पटत नाही. जेम्स मेल्यावर त्याच्या बायकोने लंडनजवळ शूटर्स हिलवर १७८४ मध्ये एक मनोरा बांधला. त्याचं नाव ‘सेवर्नड्रूग’, म्हणजे इंग्रजी तोंडातला सुवर्णदुर्ग. मनोरा अजून उभा आहे. इकडे हर्णैला रोज संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो, बैलगाड्या सरळ पाण्यात घालून होड्यांवरची टोपली उतरवतात, आणि लिलावाच्या गलबल्यात समोरच्या किल्ल्याकडे कुणी मान वळवून बघत नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दक्षिण कोकण कंपनीकडे गेलं. जिल्ह्याचं ठाणं आधी बाणकोटला होतं, मग १८२२ मध्ये रत्नागिरीला आलं. यापुढचा इतिहास घसरणीचा आहे आणि त्याचं मुख्य कारण कोकणात घडलंच नाही, ते बोरघाटात घडलं. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढून गेली. देशावरचा माल गाडीत बसून थेट मुंबईला जाऊ लागला, मग कुंभार्ली-आंब्याला बैल कोण हाकणार? पेठा ओस पडल्या. मालाच्या मागोमाग माणसंही मुंबईला गेली, गिरण्यांत आणि गोदीत. मनीऑर्डर हाच गावचा उद्योग झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली, १६ लाख १५ हजार, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२. हे आकडे म्हणजे त्याच बोरघाटाची लांबलेली सावली.

एके काळच्या या दारांचा सरकारला एकच उपयोग उरला. ज्याला जगापासून दूर ठेवायचं त्याला इथे आणून ठेवायचं. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की इथून कुठे जाणार! त्याच्यासाठीचा राजवाडा तयार झाला १९१०-११ मध्ये आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. खाडीकडे तोंड करून उभा असलेला तो लाल वाडा शहरातली सर्वांत देखणी इमारत आहे, आणि सर्वांत उदासही. १९२४ ते १९३७ सावरकर इथेच स्थानबद्ध होते. पतितपावन मंदिर १९३१ चं, त्याच काळातलं. टिळकांचा जन्मही याच शहरातला, १८५६ चा, पण त्यांना सरकारने आणून ठेवलं नव्हतं.

कातळशिल्पं या खाडीच्या गणितात बसत नाहीत. ती वर सड्यावर आहेत. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार : पावसाळ्यात चार महिने गवत आणि निळी-जांभळी फुलं, एरवी तापलेला काळपट दगड. पाणी जांभ्यातून झिरपून खाली उतारावर फुटतं, म्हणून वाड्या खाली वसल्या आणि सडा मोकळा राहिला. मोकळा राहिला म्हणूनच चित्रंही वाचली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे. जवळ उभं राहिलं तर नुसते खोदलेले चर दिसतात. चार पावलं मागे, मग आणखी मागे, तेव्हा सोंड आणि पाठ जुळून येते, आणि मग कळतं की हत्तीच्या अंगात आणखी किती तरी प्राणी आणि मासे कोरले आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधे उभा माणूस आहे. काही ठिकाणी गेंडाही आहे, जो आज कोकणात औषधालाही नाही. देवाचे गोठण्याला कातळावर होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, रुंढेतळी ही त्याच यादीतली बाकीची नावं. गुराख्यांना आणि गावकऱ्यांना ही चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पांडवांची करणी म्हणून. रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव विचारत, पायी हिंडत त्यांची पद्धतशीर नोंद केली.

धोका मात्र त्याच मोकळेपणात आहे. सडा पडीक दिसतो, म्हणून चिरेखाण तिथेच लागते, घर तिथेच बांधतात, कारखान्यालाही तीच जागा सुचवली जाते. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं, तेव्हा कातळशिल्पांचं नाव राजकीय भाषणांतही आलं.

१ मे १९८१ ला दक्षिणेचे तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि विजयदुर्ग, खारेपाटण, मालवण सगळं तिकडे गेलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली. तीही महामार्गासारखीच उत्तर-दक्षिण, आणि किनाऱ्यापासून आत. त्यामुळे वारशाची ठिकाणं बघायची तर रस्त्याचा नाद सोडून एकेक खाडी धरावी. दाभोळची धरली तर एका दिवसात अंडा मशीद, जंगलजेटीतून, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतून, गाडी पलीकडे घालून गोपाळगड, आणि वर चिपळूणला परशुराम होतो. जैतापूरची धरली तर यशवंतगड, राजापूर आणि बारसूचा सडा; कशेळीची वाट वेगळी, पण तिथे गेलात तर कनकादित्याचं मंदिरही चुकवू नका. सुवर्णदुर्गाची होडी पावसाळ्यात बंद असते, आणि सड्यावर भर दुपारी जाऊ नये.