उत्तम परिचारिका म्हणजे आपोआप उत्तम मेट्रन?

'जिचा हात हलका, ती पुढे मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, होऊन विभागही छान सांभाळते,' हा समज रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आलाय. तो खरा नाही. शीर अचूक शोधणं हे एक कौशल्य. महिन्याची ड्यूटी लावणं हे वेगळंच, आणि ते शिकावं लागतं. रात्रपाळीला तिन्ही नव्या मुली एकाच वॉर्डात लागल्या, तर एकही निष्काळजी नसताना औषधाची वेळ चुकते. चूक ड्यूटीच्या तक्त्यात असते, बोलणी मात्र त्या मुली खातात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचंच घ्या. आपल्याला तिचा दिवा तेवढा आठवतो. पण १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्यावर तिने स्वयंपाकघर, कपड्यांची धुलाई, सामानाचा पुरवठा मार्गी लावला. पुढे १८५८ मध्ये आकृत्या काढून दाखवून दिलं, की जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले. हे सगळं व्यवस्थापनच होतं!

म्हणून बढतीच्या पत्रासोबत अंदाजपत्रक, मनुष्यबळाचं नियोजन, तंटे सोडवणं यांचं रीतसर प्रशिक्षण मिळायला हवं. आणि माझं ठाम मत आहे, की पहिले काही महिने तरी अनुभवी मेट्रनच्या शेजारी बसून तक्ता लावायची संधी द्यायला हवी.