काळी सायकल आणि तिची गिअरवाली भावंडं

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या सायकल दुकानात जाऊन म्हणा, ‘सामान बांधून आठ दिवस फिरता येईल अशी पोलादी सायकल दाखवा.’ दुकानदार बहुतेक वेळा दोनच गोष्टी दाखवतो. एक काचेमागे टांगलेली ॲल्युमिनियमची गिअरवाली. तिला कॅरिअर बसवायला भोकंच नसतात. दुसरी गोदामाच्या कोपऱ्यातली काळी अठ्ठावीस इंची. तिच्या कॅरिअरवर ज्वारीचं पोतं बसतं, पण गिअर एकच. मधलं काही नाही. ही मधली जागा रिकामी का राहिली, याचं उत्तर जवळजवळ दीडशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं. ते सापडलं की कोणती सायकल घ्यावी आणि कोणती बांधून घ्यावी, हे ठरवणंही सोपं जातं.

इंग्लंडमध्ये सायकलवर प्रवास करणाऱ्यांचा क्लब 1878 साली हॅरोगेट गावी निघाला. तेव्हा आजच्यासारखी सायकल नव्हतीच. पुढचं चाक छातीभर उंच आणि मागचं टीचभर, अशा यंत्रावर बसून ही मंडळी फिरत. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन असलेली जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ 1885 साली आली, आणि डनलॉपचं हवेचं टायर 1888 साली. आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा सांगाडा तेव्हाच ठरला. पुढे बदलत गेली ती नळी.

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने 1897 मध्ये एका नळीचं पेटंट घेतलं. नळीची बाहेरची जाडी सगळीकडे सारखी, पण आतून टोकांना भिंत जाड आणि मध्ये पातळ. फ्रेमला ताण बसतो तो सांध्यापाशी, आणि जोडताना उष्णताही तिथेच लागते. म्हणून टोकं जाड हवीत. मधला भाग पातळ केला की वजन कमी होतं. याच कंपनीने 1935 मध्ये मँगनीज आणि मॉलिब्डेनम घातलेलं ‘531’ पोलाद बाजारात आणलं, आणि पुढची कित्येक दशकं चांगल्या टूरिंग, म्हणजे सामान बांधून लांब फिरायच्या, सायकलीच्या नळीवर 531 चं लेबल असणं ही प्रतिष्ठा होती. इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. भारी पोलाद साध्या पोलादापेक्षा हलकं नसतं, आणि त्याचा लवचिकपणाही जवळजवळ तितकाच असतो. ते जास्त ताण सोसतं एवढंच. त्यामुळे त्याची नळी पातळ करता येते आणि फ्रेम हलकी होते. साध्या पोलादाची नळी जाड ठेवावी लागते. आपली काळी सायकल जड आहे ती त्यामुळे.

आणि ती जड असायलाच हवी होती. इंग्रज कंपन्या ज्या ‘रोडस्टर’ सायकली वसाहतींत पाठवत, त्या खडी आणि धुळीच्या रस्त्यांसाठी होत्या. हँडलचा चिमटा बराच कललेला, दोन चाकांतलं अंतर मोठं, 635 मिलिमीटरची रीम, पुढच्या चाकात 32 तारा आणि मागच्यात 40. वजन मागच्या चाकावर पडतं हे ध्यानात घेऊन केलेली ही विभागणी होती. टूरिंग सायकलीकडून आज जे मागतो, म्हणजे ओझं घेऊन सरळ चालणं, धक्का खाणं, पाय मागच्या पिशवीला न लागणं, ते सगळं या सायकलीत होतं. नव्हता तो चढ चढायचा उपाय.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी मीटरगेज 1900 च्या सुमारास सुरू झाली. बाहेरून येणाऱ्या मालाला संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीची जकात होती, त्यामुळे विलायती वस्तू हा श्रीमंती कारभारच. निजामाच्या रेल्वे खात्याने 1932 मध्ये बससेवा सुरू केली, पण गाडीवाटेच्या गावांना त्याचा काय उपयोग? तिथे बैलगाडी, घोडं आणि दोन पाय. सायकल आधी ज्यांना परवडली त्यांच्या दारात आली, मग पोस्टमन, मास्तर आणि दूधवाल्यांकडे. साठ-सत्तरच्या दशकात तर लग्नाच्या बैठकीत सायकल, घड्याळ आणि रेडिओ असा त्रिवेणी आग्रह धरला जाई. सायकलीच्या इतिहासातला हा भाग अभिमानाने सांगण्यासारखा नाही, पण खरा आहे.

लांबचा प्रवास सायकलीवर होतो हे इथे कुणी पुस्तकातून शिकलं नाही. मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा 1923 च्या ऑक्टोबरात निघून 1928 च्या मार्चमध्ये जगाला फेरी मारून परतले. त्यांची वाहवा रास्तच आहे. पण तालुक्याच्या बाजाराला तीस किलोमीटर जाऊन, मागे बियाण्याचं पोतं बांधून संध्याकाळी परतणाऱ्याला कुणी प्रवासी म्हटलं नाही, इतकंच.

दुष्काळातलं चित्र तर अनेकांनी पाहिलेलं आहे. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या काळात बीड, लातूर, जालना भागात शाळकरी पोरं सायकल ढकलत टँकरपर्यंत जायची. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या सळईचे आकडे, त्यांत लटकवलेले पंधरा लिटरचे कॅन, एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन. म्हणजे नुसतं पाणीच साठ किलो. टूरिंगवाला सगळा संसार बांधूनही पंचवीस किलोच्या पुढे सहसा जात नाही. सळईच्या त्या आकड्यांकडे नीट पाहिलं तर कळतं की कॅन मागच्या आसाच्या बरोबर उंचीला, चाकाला जितके जवळ येतील तितके टांगलेले असतात. कॅरिअरच्या बाजूंना टांगायच्या हजारोंच्या पॅनिअर बॅगा विकणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात: वजन खाली आणि आसाजवळ.

मग चढ चढायची वाट कुठे फुटली? फ्रान्समध्ये. सेंत-एतिएन गावचा पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, याने डोंगर चढण्यासाठी गिअर बदलण्याचे प्रयोग केले आणि आयुष्यभर त्यांचा प्रचार केला. शर्यतवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं. तूर द फ्रान्समध्ये चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणाऱ्या डिरेल्युअरला 1937 पर्यंत बंदी होती. म्हणजे गिअर आधी प्रवाशांनी जवळ केला, शर्यतीत तो उशिरा आला. आपल्याकडे आज उलट समज आहे. पुढे अॅलेक्स सिंगरसारख्या (1938) कारागिरांच्या कारखान्यांत फ्रेम, मडगार्ड, कॅरिअर आणि दिवा एकत्र आखून बांधले जाऊ लागले. कॅरिअर नंतर आणून लटकवण्याची गोष्ट उरली नाही. रुंद टायर आणि मडगार्ड यांना वाट देणारे कँटिलिव्हर ब्रेकही याच परंपरेने रुजवले.

त्याच काळात आपल्याकडे उलटं घडलं. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि देशी कारखाने उभे राहिले: मद्रासजवळ टीआय सायकल्स 1949 मध्ये, सोनिपतला अॅटलस 1951 मध्ये, लुधियानात हिरो 1956 मध्ये, आणि आसनसोलला सेन-रॅले. सगळ्यांनी इंग्रजी रोडस्टरचा नमुना उचलला आणि तो तसाच ठेवला. चिमटा, हब, कप-कोन, कॉटर, चेन यांची मापं एकदा ठरली ती ठरली. लुधियानाच्या छोट्या कारखान्यांतला माल धारूरच्या दुकानातही बसायचा आणि देगलूरच्याही. मला ही स्थिरता मुळीच हिणवण्यासारखी वाटत नाही. मिस्त्रीला चार पाने, छर्ऱ्यांच्या पुड्या आणि हातोडी एवढ्यावर संसार चालवता आला, तो या न बदललेल्या मापांमुळे. पण याची किंमतही होती. गिअर आले नाहीत, पातळ नळी आली नाही, आणि सायकल म्हणजे गरिबाचं वाहन हा शिक्का बसला. वाळूजला 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या वीस वर्षांत हप्त्यावरच्या मोटरसायकली गावोगाव पोहोचल्या. काळी सायकल गोठ्याच्या भिंतीला लागली.

अमेरिकेत 1976 साली सायकलवर देश ओलांडायची मोठी लाट आली आणि चांगल्या पोलादी टूरिंग सायकली तिथे आणि जपानात बनू लागल्या. त्या आपल्याकडे आल्याच नाहीत. आलं ते त्यानंतरचं फॅड: सव्वीस इंची जाड टायरची ‘एमटीबी’, म्हणजे माउंटन बाइक. डोंगर न पाहिलेल्या या सायकली नव्वदच्या दशकात पोरांच्या हट्टापायी घराघरांत शिरल्या, आणि नंतर बाहेरून ॲल्युमिनियम आलं.

या इतिहासाचा दुकानातल्या प्रश्नाशी संबंध असा. काळ्या सायकलीला गिअर बसवून टूरिंग करावी, हा मोह अनेकांना होतो. हिशेब करून पाहू. पुढे 44 दात, मागे 18, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. परभणी-गंगाखेडच्या सपाटीवर हे उत्तम. दौलताबादहून खुलताबादकडे चढताना किंवा कन्नडच्या औट्रम घाटात सामानासकट हे झेपत नाही. तिथे पुढे 26 आणि मागे 32 असा जोड लागतो, एका फेऱ्याला पावणेदोन मीटरचा. आता तो बसवायचा तर मागच्या हबसाठी फ्रेममधली जागा सुमारे 110 मिलिमीटर, आणि गिअरच्या हबला लागतात 130 किंवा 135. पोलाद असल्याने मागचे दांडे फाकवता येतात, पण वीस मिलिमीटर फाकवणं म्हणजे जबरदस्तीच, आणि त्यानंतर आसाच्या खाचा पुन्हा समांतर कराव्या लागतात. डिरेल्युअर टांगायला हँगर नाही. रीम 635 ची असल्याने गिअरवाल्या सायकलींची टायरं तिला होत नाहीत. रॉड ब्रेक काढला तर दुसरा ब्रेक बसवायला जागा शोधावी लागते. ठेवला तर लोखंडी रीमवर पावसात तो किती धरतो हे घाट उतरताना कळतं. एवढा खर्च करून जे हाती येतं त्याला मी टूरिंग सायकल म्हणणार नाही. सपाट तालुक्यांत फिरायचं असेल तर काळी सायकल जशी आहे तशीच ठेवावी, ओव्हरऑयल करून घ्यावी आणि निघावं.

बांधूनच घ्यायची असेल तर माझं मत त्या नव्वदच्या दशकातल्या सव्वीस इंची, शॉकअप नसलेल्या पोलादी एमटीबीकडे झुकतं. गिअरवाला नमुना मिळाला तर मागची जागा मुळातच रुंद असते, मागचा दांडा लांब, जाड टायरला भरपूर वाट. आणि सव्वीस इंची ट्यूब-टायर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं. 36 तारांची चाकं विणून घ्यायची, कॅरिअर बसवायचा, की झालं. नवी आयात केलेली टूरिंग सायकल परवडत असेल तर प्रश्नच नाही. पण फ्रेमला कॅरिअर आणि मडगार्डची भोकं आहेत का, टायर आणि चिमट्यात बोटभर फट राहते का, एवढं तरी पाहून घ्यावं. काळ्या रानातल्या वाटेला पाऊस झाला की त्या फटीत चिखल ठासून बसतो आणि चाक फिरेनासं होतं. काडीने तो खरवडत पुढे जाणं मराठवाड्यात नवं नाही.

कॅरिअरचे कान बसवून घ्यायचे तर गॅसवाला मिस्त्री शोधावा. हल्ली सगळीकडे आर्क वेल्डिंग आहे, आणि पातळ नळीला ते भोक पाडतं. गॅसवर काम करणारा सांधा आधी घासून चकचकीत करतो, टाकणखार टाकतो. तो वितळून काचेसारखा पसरला आणि लोखंड लाल झालं की पितळेची सळी टेकवतो. पितळ वितळून सांध्याच्या फटीत आपोआप ओढलं जातं. पोलाद स्वतः वितळत नाही, म्हणून नळीची ताकद टिकते. ॲल्युमिनियमची फ्रेम तडकली तर हाच मिस्त्री हात लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

निगा फार नाही. पावसाळ्याआधी सीटचा दांडा काढून नळीत थोडं तेल सोडावं, दांड्याला ग्रीस लावावं, नाहीतर तो नळीत धरून बसतो. बॉटमच्या, म्हणजे क्रँकचा आस बसतो त्या जागेच्या, खालचं भोक मोकळं आहे ना ते पाहावं, कारण पोलाद बाहेरून क्वचितच मरतं, आत साठलेल्या पाण्याने मरतं. जुन्या क्रँकला कॉटर (क्रँक आसाला धरून ठेवणारी पाचर) असेल आणि दर फेऱ्याला एकाच जागी ‘कट’ वाजत असेल, तर नुसता ठोकू नये. नवा कॉटर कानशीने बेताने घासून बसवावा. येड्या बाभळीच्या काट्यांसाठी एक जादा ट्यूब आणि सोल्युशनची नळी जवळ ठेवावी, पंक्चर तर गावातही निघतं. गिअरची चेन आणि केबल मात्र गावात मिळत नाही, ती सोबत हवी. आणि रस्त्यात सायकल उजवीकडे पडून डिरेल्युअर तारांत गेला, तर पोलादी फ्रेमचा हँगर सहसा फ्रेमचाच भाग असल्याने पान्याने हळूहळू सरळ करून पुढे जाता येतं. ॲल्युमिनियमच्या सायकलीचा हँगर त्या-त्या मॉडेलचा वेगळा असतो. तो घरूनच घेतला नसेल, तर कुरिअर येईपर्यंत मुक्काम वाढतो.