महाविद्यालयाचा छायाचित्र-इतिहास (खानदेश)

महाविद्यालयाच्या दप्तरात, प्राचार्यांच्या दालनातल्या भिंतींवर आणि माजी विद्यार्थ्यांच्या ट्रंकांत पडून असलेले जुने फोटो गोळा करणे, त्यांतल्या माणसांना नावे लावणे आणि ते प्रदर्शनातून, वार्षिकांकातून किंवा मोबाइलवरून लोकांपुढे मांडणे, ही अलीकडे रुळलेली रीत. एरवी या फोटोंची आठवण महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ची समिती यायची असते तेव्हाच होते; मग रातोरात फ्रेमा पुसल्या जातात आणि चुकीच्या मथळ्यांसकट पुन्हा टांगल्या जातात.

खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे. जळगावचे मूळजी जेठा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे ‘एम. जे.’, आणि अमळनेरचे प्रताप ही दोन्ही महाविद्यालये १९४५ सालची. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. म्हणून पहिल्या काही वर्षांच्या फोटोंत शेतकऱ्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि गिरणीतल्या कारकुनांच्या घरची पहिलीच शिकणारी पिढी एका सतरंजीवर दिसते. फैजपूरचे धनाजी नाना महाविद्यालय १९६१ चे.

या संग्रहाचा कणा म्हणजे ग्रुप फोटो. मध्ये प्राचार्य, दोन्ही बाजूंना खुर्चीवर प्राध्यापक, मागे बाकांवर उभ्या दोन-तीन रांगा, पुढे मांडी घालून बसलेली पोरे आणि एका कडेला, पदर सावरून, चार-पाच मुली. करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोखाली बारीक अक्षरांत ‘खुर्चीवर (डावीकडून)’ आणि ‘उभे’ अशी यादी. त्या दिवशी न आलेल्याचा चेहरा वरच्या कोपऱ्यात लंबगोलात चिकटवलेला असतो. बरेचदा तोच सर्वांत स्पष्ट, कारण तो स्टुडिओत बसून काढलेला.

यादी असली तरी काम भागत नाही. नावे आद्याक्षरांनी दिलेली, आणि आडनावे पाटील, चौधरी, महाजन, पवार. एकाच रांगेत तीन ‘आर. एस. पाटील’ निघाले की गावाचे नाव कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मुलींच्या बाबतीत अडचण वेगळी: यादीत माहेरचे नाव, आणि आज त्या ओळखल्या जातात सासरच्या. म्हणून नोंद करताना दोन्ही नावे आणि मूळ गाव लिहावे.

साल ठरवायला फोटोतच खुणा असतात. पाटीवर ‘पूर्व खानदेश’ असेल तर फोटो बहुधा १९६० च्या आधीचा. सुरुवातीची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ झाले, आणि १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, ज्याला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. बॅनरवर कोणते विद्यापीठ आहे ते वाचले की दशक हाती लागते. एनसीसीचा गणवेश दिसला तर १९४८ नंतरचा, एनएसएसचा फलक दिसला तर १९६९ नंतरचा. धोतर-टोपी जाऊन टेरिलीनची पँट आणि पुढे बेलबॉटम येतो, तोही पुरावाच. पण तो जपून वापरावा. खेड्यातून येणाऱ्या पोराच्या अंगावर थोरल्या भावाचा शर्ट असू शकतो.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती अभिमानाने. अमळनेरच्या मथळ्यांत साने गुरुजींना महाविद्यालयाचे प्राध्यापक करून टाकण्याचा मोह होतो. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. महाविद्यालय निघाले त्यानंतर पंधरा वर्षांनी. फैजपूरचेही तसेच. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, नंदलाल बोस यांनी त्याची सजावट केली. ते फोटो महाविद्यालयाच्या प्रदर्शनात जरूर लावावेत, पण दोन्ही सालांमधले अंतर खाली छापलेले हवे. गावाचा इतिहास आणि संस्थेचा इतिहास एकाच खिळ्याला टांगला की दोन्ही वाकडे होतात.

जुन्या कृष्णधवल फोटोंतली प्रतिमा चांदीच्या कणांची. डेव्हलप करताना हायपो (प्रतिमा पक्की करणारे रसायन) नीट धुतला गेला नसेल तर ते पिवळे पडत जातात. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो त्यांच्याहून लवकर जातात, सगळे लालसर होऊन बसतात. जळगावचा मे महिना, पत्र्याखालची स्टोअररूम, मग पावसाळ्याची दमट हवा. कसर आणि वाळवी वेगळीच. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो पातळ दोरा मागून सरकवत सोडवता येतो. स्कॅन निदान सहाशे डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके) आणि टिफ या, तपशील न गमावणाऱ्या फाइल-स्वरूपात. वार्षिकांकातला छापील फोटो जस्ताच्या ब्लॉकवरून आलेला असतो, त्याचे ठिपके स्कॅनमध्ये नक्षीसारखे उमटतात. मूळ प्रत मिळत असेल तर ती शोधावी. आणि फोटोची पाठ स्कॅन करायला विसरू नये. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने टाकलेला नंबर, कुणीतरी शाईने लिहिलेले ‘गॅदरिंग’, हे तिथेच असते.

नावे मिळतात ती मात्र फोटो लोकांत गेल्यावर. मेळाव्यात छापील मोठी प्रत टेबलावर पसरून शेजारी पेन्सिल ठेवली की भोवती कोंडाळे जमते, अहिराणीतले ‘हाऊ कोन शे?’ (हा कोण आहे?) सुरू होते, आणि एकाला विसरलेले दुसऱ्याला आठवते. व्हॉट्सअ‍ॅपवर हेच झपाट्याने होते, पण तिथे फोटो आकसतो आणि चेहरे पुसट होतात. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि त्यावर क्रमांक घालावा. सांगणाऱ्याचे नाव नि तारीखही नोंदीत हवी, कारण दोघे जण एकाच चेहऱ्याला दोन नावे देतात आणि दोघेही ठाम असतात.

हक्काचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क तो काढवून घेणाऱ्याचा असतो. घरच्या ट्रंकेतून आलेला फोटो महाविद्यालयाने काढवलेला नसेल, तर घरच्यांना विचारूनच पुढे जावे. विचारले की बहुतेक घरांतून होकार येतो, आणि त्यासोबत आणखी दोन फोटो.

रांगेच्या दोन टोकांना, थोडे अंतर राखून, खाकी कपड्यांत शिपाई उभे असतात. यादीत त्यांच्यासाठी बहुधा ‘आणि सेवकवृंद’ एवढेच असते. ती नावे माजी प्राचार्यांपेक्षा निवृत्त लॅब असिस्टंटला जास्त ठाऊक असतात. मेळाव्याचे निमंत्रण त्यालाही जायला हवे.