रॉटवायलरच्या पिल्लाचे पहिले काही आठवडे

रॉटवायलरचं पिल्लू घरी आलं की पाहुणे आधी त्याला मांडीवर घेतात आणि निघताना बजावतात, “मोठं झालं की जपून हं!” काळजी अगदीच अनाठायी नाही. या जातीचा पूर्ण वाढलेला नर ५० किलोच्या आसपास भरतो आणि त्याचा एक चावाही महागात पडू शकतो. पण तो चावरा निघेल की नाही, हे नुसत्या जातीवरून सांगता येतं का?

२०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या स्वभावाची माहिती मालकांकडून घेतली होती, आणि त्यांतल्या २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. स्वभावात जो फरक दिसला, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीमुळे होता. घाबरल्यावर किंवा डिवचल्यावर कुत्रा किती चटकन बिथरतो, याबाबत तर जात जवळपास काहीच सांगत नव्हती. आईवडिलांचा स्वभाव मात्र जरूर पाहावा. पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईला भेटा, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

बाकीचं बरंचसं आपल्या हातात असतं, पण वेळ फार थोडा मिळतो. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू ‘हे आपल्या जगातलं’ अशी नोंद करत असतो. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात माणसांपासून दूर वाढवलं होतं. ज्यांचा माणसाशी पहिला संबंध चौदाव्या आठवड्यात आला, ती पुढेही बुजरीच राहिली. म्हणून दाढीवाले, काठी टेकत चालणारे, रांगणारी बाळं, उघडणारी छत्री, मिक्सरचा आवाज हे सगळं पिल्लाला याच दिवसांत भेटायला हवं. तेही लांबून, सोबत खाऊ देत आणि त्याच्या कलाने. अंग चोरणाऱ्या पिल्लाला पुढे ढकललं, तर त्याची भीतीच पक्की होते. सगळ्या लसी होईपर्यंत त्याला घरात कोंडलं, तर हे आठवडे हातचे जातात. पशुवैद्यांना विचारून पहिल्या लसीनंतर आठवडाभराने त्याला स्वच्छ जागी, निरोगी आणि लस घेतलेल्या कुत्र्यांमध्ये नेता येतं. तोवर कडेवर घेऊन जग दाखवावं.

दुधाचे दात सुईसारखे असतात, आणि ते बरंच आहे. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं, खेळ मोडतो, आणि जबडा किती आवळायचा हे पिल्लाला कळू लागतं. घरीही तेच करावं. दात रुतले की हात सैल सोडायचा, उठायचं, अर्धा मिनिट तिकडे लक्षच द्यायचं नाही. मग चावायला खेळणं द्यायचं. नाकावर फटका मारला, तर त्याला हाताचीच धास्ती बसते.

सगळ्यात मोठी चूक होते ती गुरगुरण्यावरून. पिल्लू हाड चघळत बसलेलं असतं, कुणी जवळ गेलं की त्याचं अंग ताठरतं, चघळणं थांबतं, घशातून बारीक आवाज येतो. घरातलं कुणीतरी ओरडून हाड हिसकावतं. दोनचारदा असं झालं की पिल्लू गुरगुरणं सोडतं. घरच्यांना वाटतं, सुधारलं. प्रत्यक्षात धास्ती तशीच असते, फक्त इशारा बंद होतो आणि पुढचा चावा न सांगता येतो. त्यापेक्षा थोडं लांब थांबून मांसाचा तुकडा टाकावा. तो खायला पिल्लू उठलं की हाड उचलावं, आणि लगेच परतही द्यावं. पंधरा दिवसांत तेच पिल्लू आपल्याला येताना पाहून शेपूट हलवू लागतं.

लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नये, मग कुत्रा कोणत्याही जातीचा असो. मुलाने गळ्यात मिठी मारल्यावर पिल्लाने मान वळवली, ओठांवरून जीभ फिरवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, की त्याला ते नकोसं झालेलं असतं. अशा वेळी पिल्लाला न दटावता मुलाला हाक मारून आपल्याकडे बोलवावं.