शस्त्रक्रियेतील प्रतिबंधक प्रतिजैविके

शस्त्रक्रियेच्या जखमेत पू होऊ नये, बोलीत सांगायचे तर टाके पिकू नयेत, म्हणून छेदाआधी दिली जाणारी प्रतिजैविकाची मात्रा. पिकलेल्या जखमेवरचा उपचार यात मोडत नाही.

मात्रेची वेळ : शस्त्रक्रिया उरकल्यावर प्रतिजैविक सुरू करण्याची प्रथा पूर्वी होती. तरीही जखमा पिकत, त्यामुळे अशी औषधे निरुपयोगी असल्याचे मतही रूढ झाले. जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिले. जंतू शिरण्यापूर्वी औषध ऊतकांत पोचलेले असेल तर गाठ लहान राही; सुमारे ३ तासांनंतर दिलेल्या औषधाचा उपयोग होत नसे. क्लासेन व सहकाऱ्यांच्या १९९२ च्या पाहणीत २,८४७ रुग्ण होते. छेदापूर्वीच्या २ तासांत मात्रा मिळालेल्यांत जखमसंसर्ग ०.६ टक्के, त्याहून आधी मिळालेल्यांत ३.८ टक्के आणि छेदानंतर ३ तास उलटल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के आढळला. ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे. त्यामुळे आकडे जपूनच वापरावेत. जागतिक आरोग्य संघटना (२०१६) १२० मिनिटांची मुदत देते, अमेरिकी मार्गदर्शिका (२०१३) ६० मिनिटांची. सेफाझोलिन या प्रतिजैविकाचा अर्धायुकाल (रक्तातले प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ) जेमतेम २ तासांचा असल्याने त्याच्यापुरती ६० मिनिटांची मुदत अधिक सयुक्तिक वाटते.

मात्रा : प्रौढांना सेफाझोलिन २ ग्रॅम शिरेतून, वजन १२० किलो वा अधिक असल्यास ३ ग्रॅम. शस्त्रक्रिया लांबल्यास ४ तासांनी पुन्हा. हे तास पहिल्या मात्रेपासून मोजायचे, छेदापासून नव्हे. रक्तस्राव दीड लिटरच्या वर गेल्यासही मात्रा पुन्हा देतात. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत जोडीला मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ. लागते. व्हँकोमायसिन घाईने सोडल्यास अंग लाल होऊन रक्तदाब उतरतो. म्हणून ते छेदापूर्वी १२० मिनिटांच्या आत सुरू करून निदान तासभर सावकाश चालवतात. हातापायाला टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा पट्टा) बांधायचे असेल तर औषध ते आवळण्यापूर्वीच पूर्ण गेले पाहिजे. नंतर ते खालच्या भागात पोचत नाही. सिझेरियनमध्ये बाळाच्या काळजीपोटी नाळ बांधल्यावर सुई देत. आता छेदाआधी देतात.

मुदत : बहुतेक शस्त्रक्रियांना एकच मात्रा पुरते. निचऱ्याची नळी आहे म्हणून औषध लांबवण्याला आधार नाही. घरी जाताना ‘पाच दिवसांच्या गोळ्या’ मागण्याची व देण्याची सवय मात्र सुटलेली नाही. तिने जखम सुरक्षित होत नाही, जुलाब व औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढतात.

सीमाभाग : खानापूरहून बेळगावला, निपाणीहून कोल्हापूरला, अथणी-कागवाडकडून मिरज-सांगलीला रुग्ण हलवताना पहिल्या दवाखान्यातली मात्रा वाटेत आणि नंतरच्या प्रतीक्षेत ओसरू शकते. ‘अँटिबायोटिक दिले’ एवढ्याने पुढच्या भूलतज्ज्ञाला काही कळत नाही. चिठ्ठीवर औषधाचे नाव, ग्रॅम व घड्याळी वेळ हवी, तीही इंग्रजीत. कन्नड मजकूर मिरजेत वाचता येईलच असे नाही. छेदाची जागा घरी ब्लेडने तासून आणू नये, कातडीवरच्या बारीक चिरांत जंतू वाढतात. केस आड येत असतील तरच ते रुग्णालयात क्लिपरने कापतात.