स्तनाचं रेडिएशन : कोणता प्लॅन, कोणासाठी

गाठ काढून स्तन राखला असेल आणि काखेतल्या ग्रंथींना रेडिएशन लागणार नसेल, तर बहुतेक जणींना साधा टँजेन्शियल प्लॅन पुरतो. इंदूरमधल्या आमच्या केंद्रात आम्ही सुरुवात त्यानेच करतो. एक किरण आतल्या बाजूने, दुसरा बाहेरून. दोन्ही बरगड्यांना घासून जातात. त्यामुळे मध्ये फुफ्फुसाचा पातळ थर येतो आणि डाव्या बाजूला हृदयाचा कोपरा.

अडचण आकाराची आहे. स्तन छातीलगत रुंद आणि टोकाला निमुळता, म्हणून कुठे मात्रा (किरणांचा डोस) जास्त साठते. पूर्वी वेज (किरणाच्या वाटेत ठेवायची धातूची पाचर) लावत, पण तो प्रामुख्याने एकाच पातळीत दुरुस्ती करतो. स्तनाखालची घडी आणि काखेची कड जास्त तापायची, म्हणजे तिथे मात्रा जास्त जायची, आणि कातडी सोलते तीही तिथेच. फील्ड-इन-फील्डमध्ये दिशा त्याच दोन राहतात. मात्र दोन-चार छोटी फील्डं (किरणांचे झोत) जोडून, तापलेला भाग कॉलिमेटरच्या (किरणाला आकार देणाऱ्या भागाच्या) पात्यांनी झाकून मात्रा सारखी करतात. ठरलेल्या मात्रेच्या १०७ टक्क्यांवर जाणारा भाग जवळजवळ उरू नये.

व्हीमॅटमध्ये यंत्र फिरत-फिरत किरण देतं. मात्रा आकाराला चिकटते, पण थोडी-थोडी दुसऱ्या स्तनात आणि फुफ्फुसांत पसरते. तरुण स्त्रीला आम्ही हे गरजेशिवाय सुचवत नाही. छातीच्या हाडामागच्या ग्रंथी घ्यायच्या असतील किंवा छाती आत वळलेली असेल, तर मात्र त्याचा खरा उपयोग होतो. आणखी एक फरक : टँजेन्शियल फील्ड कातडीबाहेर हवेत साधारण २ सेंटीमीटर उघडं ठेवतात, म्हणून श्वासाने किंवा थोड्या सुजेने फारसं बिघडत नाही. व्हीमॅटमध्ये ही मोकळीक मुद्दाम ठेवावी लागते.

डावा स्तन असेल तर पद्धतीच्या नावापेक्षा श्वास महत्त्वाचा. २०१३च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयाच्या सरासरी मात्रेतल्या दर १ ग्रेमागे (ग्रे हे मात्रेचं एकक) हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. खोल श्वास भरून रोखला की फुफ्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं. घरी २० सेकंदांचा सराव करा. पाठ गादीला टेकलेलीच हवी. पुष्कळ जणी कमान करून छाती उचलतात, तेव्हा हृदय जागचं हलत नाही.

किती दिवस? १५ सिटिंगांत ४० ग्रे ही सर्वसाधारण पद्धत. ५ सिटिंगांत २६ ग्रे हा पर्याय २०२०च्या ब्रिटिश चाचणीनंतर रुळला. देवास-धारहून येणाऱ्यांची त्यात मोठी सोय होते. त्या चाचणीत त्याच बाजूच्या फुफ्फुसाच्या १५ टक्क्यांहून जास्त भागाला ८ ग्रे पोचू नये, अशी मर्यादा होती. ती पाळता येते का, हे प्लॅन केल्यावरच कळतं. बूस्ट (गाठीच्या जागेला जादा मात्रा) लागणार असेल तर सर्जनने तिथे क्लिप (जागा दाखवणाऱ्या धातूच्या बारीक खुणा) ठेवल्या आहेत का, ते विचारून या.

सीटीच्या आधी हात डोक्यावर नेण्याचा व्यायाम करा. खांदा आखडलेला असेल तर हात यंत्राच्या कड्याला लागतो आणि तारीख पुढे जाते. सैल सुती कुडता घाला. उन्हाळ्यात घामाने कातडीवर आम्ही काढलेल्या खुणा पुसट होतात. त्या स्वतः गिरवू नका, आम्हाला दाखवा. सीटीनंतर स्तन सुजला किंवा पाणी साठलं असं वाटलं, तर पहिल्या सिटिंगआधी कळवा. आकार बदलला असेल तर सीटी पुन्हा काढून प्लॅन नव्याने करावा लागतो.