एनएचएलमध्ये गोल करणारा फॉरवर्ड ट्रेडने आणायचा तर: पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

आइस हॉकीच्या एनएचएल लीगमध्ये 32 संघ आहेत. त्यातल्या ज्यांचे गोल आटलेले असतात ते जानेवारीपासून फॉरवर्ड (आक्रमक फळीतला खेळाडू) ट्रेडने, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून, शोधायला लागतात. टोरंटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांतही तेव्हा ‘याला द्या, त्याला आणा’ अशा चर्चा रंगतात. या चर्चांमध्ये खेळाडूची किंमत ठरते, पण तो येऊ शकतो का, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. दोन जनरल मॅनेजरांचं एकमत झालं तरी लीगच्या सेंट्रल रजिस्ट्रीने मान्य केल्याशिवाय ट्रेड झाला असं होत नाही. खालची माहिती 2025-26 हंगामाच्या नियमांप्रमाणे आहे.

आधी आपल्या संघाची पात्रता

चार आकडे समोर ठेवा. सॅलरी कॅपची (संघाच्या एकूण पगारखर्चावरचं बंधन) वरची मर्यादा 9 कोटी 55 लाख डॉलर. सक्रिय रोस्टरमध्ये (खेळायला उपलब्ध खेळाडूंची यादी) डेडलाइनपर्यंत, म्हणजे ट्रेडच्या मार्चमधल्या अंतिम मुदतीपर्यंत, जास्तीत जास्त 23 खेळाडू. एकूण करार 50. आणि ज्यांचे हक्क संघाकडे आहेत अशांची राखीव यादी 90 नावांची. करार न झालेला कॉलेजचा खेळाडू 50 मध्ये धरत नाहीत, पण 90 मध्ये धरतात. 50 पैकी 49 करार भरलेले असताना एक देऊन तीन घेण्याची बोलणी करण्यात अर्थ नाही, आणि समोरच्या संघाची यादीही तितकीच भरलेली असू शकते.

कॅपचा हिशोब दिवसागणिक होतो, हे ठाऊक नसेल तर सगळंच गणित चुकतं. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून तुम्ही वार्षिक 10 लाख डॉलरची जागा मोकळी ठेवली, तर हंगामाचा चौथा हिस्सा उरलेला असताना 40 लाखांच्या वार्षिक कॅप हिटचा (करारापोटी कॅपमध्ये धरली जाणारी रक्कम) खेळाडू त्यात बसतो, कारण त्याच्या पगाराचा तेवढाच भाग तुमच्या खात्यावर पडतो. म्हणून ऑक्टोबरमध्ये जागा वाचवणारा संघ मार्चमध्ये खरेदी करू शकतो. संघ दीर्घ दुखापतीच्या यादीतली सवलत (जखमी खेळाडूच्या बदल्यात कॅपच्या वर जाण्याची मुभा) वापरत असेल, तर मात्र ही बचत साठत नाही.

त्या यादीचा जुना मार्गही आता बंद झाला आहे. 2021 मध्ये टँपा बेचा निकिता कुचेरोव्ह पूर्ण नियमित हंगाम बाहेर बसून थेट प्लेऑफमध्ये (विजेतेपदाच्या बाद फेऱ्या) उतरला होता, आणि तेव्हा प्लेऑफला कॅपच लागू नव्हती. आता प्लेऑफच्या प्रत्येक सामन्यात उतरणाऱ्या 20 जणांचा हिशोब कॅपच्या आत असावा लागतो.

खेळाडू ट्रेडला पात्र आहे का

सर्वाधिक व्यवहार इथेच फसतात. 27 वर्षं वय किंवा लीगमधले सात हंगाम पूर्ण झालेल्या खेळाडूला करारात नो-ट्रेड किंवा नो-मूव्ह क्लॉज (संमतीशिवाय ट्रेड न करण्याचं किंवा कुठेच न हलवण्याचं कलम) मागता येतो. भरवशाचे गोल करणारे बहुतेक फॉरवर्ड याच गटात येतात. पूर्ण क्लॉज असेल तर खेळाडूची संमती लागते. मर्यादित असेल तर त्याने दिलेली संघांची यादी बघावी लागते: कधी ‘इथे जाणार नाही’ अशी, कधी ‘फक्त इथेच जाईन’ अशी. कोणती यादी, किती नावांची आणि ती कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. आपण स्वतः ट्रेडने आणलेल्या खेळाडूची यादी आधीच्या संघाकडून लेखी मागून घ्या.

ती नसली की काय होतं? 21 मार्च 2022 ला, डेडलाइनच्या दिवशी, व्हेगसने फॉरवर्ड एव्हगेनी दादोनोव्हला अॅनाहाइमकडे पाठवलं. त्याच्या दहा संघांच्या नकार यादीत अॅनाहाइम होतं. व्हेगसने त्याला ऑटावाकडून घेतलं होतं आणि यादीची माहिती वाटेतच हरवली होती. दोन दिवसांनी लीगने ट्रेड रद्द केला आणि दादोनोव्ह उरलेला हंगाम व्हेगसकडूनच खेळला.

पूर्ण क्लॉजचं उदाहरण टोरंटोचं. 2025 च्या डेडलाइनआधी मिच मार्नरला कॅरोलिनाला जाण्याबद्दल विचारणा झाली. त्याने नकार दिला आणि विषय तिथेच संपला. त्यामुळे ‘त्याला विकून टाका’ म्हणण्याआधी त्याचा क्लॉज वाचावा.

खेळाच्या बाजूने एकच तपासणी सुचवतो. फटक्यांपैकी किती टक्के गोल झाले ते बघा. लीगची सरासरी साधारण दहाच्या आसपास असते. एखाद्याचे एका हंगामात अचानक वीस टक्के झाले असतील तर ते टिकत नाहीत, आणि तुम्ही मात्र टिकणाऱ्या गोलांची किंमत मोजता.

पगार राखून ठेवण्याची सवलत

विकणारा संघ खेळाडूचा 50 टक्क्यांपर्यंत पगार स्वतःकडे ठेवू शकतो. जी टक्केवारी ठरेल ती कराराच्या उरलेल्या सगळ्या वर्षांना लागते, मधेच बदलत नाही. एका संघाला एकावेळी असे तीनच करार ठेवता येतात आणि त्यांची बेरीज कॅपच्या 15 टक्क्यांवर जाऊ शकत नाही. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा: तुमच्या तीनपैकी किती जागा शिल्लक आहेत? तीन वर्षांचा करार उरलेल्या खेळाडूसाठी कोणी ती जागा सहजी देत नाही. शेवटच्या वर्षातल्या खेळाडूसाठी देतो.

मार्च 2024 चा जेक गेंट्झेलचा व्यवहार हिशोबाच्या दृष्टीने नमुनेदार आहे. त्याचा कॅप हिट 60 लाख डॉलर. पिट्सबर्गने 25 टक्के ठेवले, म्हणजे कॅरोलिनाकडे 45 लाख गेले. बदल्यात गेलेल्या मायकल बंटिंगचा कॅप हिटही 45 लाखच. बाकी तरुण खेळाडू आणि पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडण्याची पाळी) गेले ते गेंट्झेलच्या गोलांची किंमत म्हणून.

एकाच करारावर दोनदा पगार राखता येतो. फेब्रुवारी 2023 मध्ये रायन ओ’रायली असाच टोरंटोला आला: सेंट लुईसने निम्मा भार ठेवला, मिनेसोटाने मधे पडून आणखी 25 टक्के, आणि 75 लाखांचा खेळाडू टोरंटोला 18 लाख 75 हजारांत पडला. मिनेसोटाने त्यासाठी चौथ्या फेरीचा पिक घेतला. आता पहिल्या आणि दुसऱ्या राखणुकीत नियमित हंगामाचे 75 दिवस जावे लागतात, त्यामुळे डेडलाइनच्या आठवड्यात हा डाव जमत नाही. तिसऱ्या संघाने एकदाच पगार राखणं मात्र चालतं. जानेवारी 2025 मध्ये मिक्को रांटानेन कोलोराडोहून कॅरोलिनाला गेला तेव्हा शिकागोने त्याच्या 92 लाख 50 हजारांपैकी निम्मे उचलले होते.

कागदपत्रं

रजिस्ट्रीला फोन लावण्याआधी हे तयार हवं: दोन्ही बाजूंच्या प्रत्येक खेळाडूचा करार आणि त्याचे क्लॉज, क्लॉज सोडत असेल तर खेळाडूची लेखी संमती, राखलेल्या पगाराची टक्केवारी, वैद्यकीय नोंदी, आणि ड्राफ्ट पिकांचा पूर्ण मजकूर.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण भांडणं तिथेच होतात. पिक कोणत्या वर्षाचा, कोणत्या फेरीचा, मूळ कोणाचा, अट काय, आणि अट पुरी झाली नाही तर काय मिळणार, हे सगळं लिहिलेलं हवं. गेंट्झेलच्या व्यवहारात कॅरोलिना स्टॅनली कप फायनलला पोचली तर पहिल्या फेरीचा पिक, नाहीतर दुसऱ्या फेरीचा, अशी अट होती. कॅरोलिना प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत हरली आणि पिट्सबर्गच्या हाती दुसऱ्या फेरीचा पिक आला. ‘पहिल्या पाचात आला तर देणार नाही’ ही संरक्षणाची ओळही इथेच घालायची. विसरलात तर नंतर घालता येत नाही.

नव्या खेळाडूशी पुढच्या कराराबद्दल बोलायचं असेल तर त्याच्या सध्याच्या संघाची परवानगी आधी घ्या. ती न घेता केलेला संपर्क नियमभंग ठरतो.

कॉल आणि वेळ

दोन्ही संघ आणि रजिस्ट्री एका फोनवर येतात, अटी वाचून दाखवल्या जातात, दोघेही हो म्हणतात, रजिस्ट्री कॅप, करारांची संख्या आणि क्लॉज तपासते. मगच नोंद होते. डेडलाइनला न्यूयॉर्कची वेळ दुपारी 3, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड. 2026 ची तारीख 6 मार्च. त्या आधी तपशील पोचलेला असेल तर रांगेतले कॉल नंतर संपले तरी ट्रेड धरतात. नाताळात काही दिवस रोस्टर गोठवलेलं असतं. 2026 मध्ये ऑलिंपिकसाठी 4 ते 22 फेब्रुवारी हा काळही तसाच, म्हणजे शेवटच्या घासाघीशीला दोन आठवडेसुद्धा मिळत नाहीत.

नोंद झाल्यावर दोन कामं लगेच. 23 च्या वर गेलात तर कोणाला तरी खालच्या लीगमध्ये पाठवा. त्याला वेव्हर्स (खाली पाठवण्याआधी खेळाडू इतर संघांपुढे ठेवण्याचा नियम) लागू असेल तर 24 तासांत दुसरा संघ त्याला उचलू शकतो, म्हणून हा हिशोब आदल्या दिवशीच करावा. दुसरं काम सीमेचं. अमेरिकेतून कॅनडात किंवा उलट आलेल्या खेळाडूला त्या देशात काम करण्याची परवानगी लागते. त्यात एक-दोन सामने सहज हुकतात.

वेळ चुकली तर

डेडलाइननंतर ट्रेड करता येतो, पण आलेला खेळाडू त्या हंगामात आणि प्लेऑफमध्ये खेळू शकत नाही. मग उन्हाळ्याची वाट पाहायची. 1 जुलैपासून दुसऱ्या संघाच्या मर्यादित मुक्त खेळाडूला (करार संपलेला, पण हक्क अजून संघाकडे असलेला) ऑफर शीट, म्हणजे कराराचा प्रस्ताव, देता येते. त्याच्या संघाकडे बरोबरी करायला सात दिवस असतात. नाही केली तर पगाराच्या पट्ट्याप्रमाणे पिक द्यावे लागतात आणि ते तुमचे स्वतःचेच असावे लागतात, दुसऱ्याकडून मिळवलेले चालत नाहीत. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसला एडमंटनचे डिलन हॉलोवे आणि फिलिप ब्रोबर्ग हवे होते, पण दुसऱ्या फेरीचा स्वतःचा पिक पिट्सबर्गकडे गेलेला होता. आधी तो परत घेतला, मगच दोन्ही शीट दिल्या. एडमंटनने बरोबरी केली नाही. तिसऱ्या फेरीच्या एका पिकाच्या बदल्यात मिळालेल्या हॉलोवेने पुढच्या हंगामात 26 गोल आणि एकूण 63 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले.